जिथे दोन पदार्थ भेटतात

माटुंग्याच्या एका संस्थेत गेली साठ वर्षं बुडबुड्यांचा अभ्यास चालू आहे. बुडबुडा केवढा आहे, द्रवातून तो किती वेगानं वर चढतो, दोन बुडबुडे एकमेकांत कधी मिसळतात आणि एका मोठ्या बुडबुड्याचे अनेक लहान कधी होतात, असे हे वरवर साधे वाटणारे प्रश्न. पण खत, औषध, साबण किंवा रंग बनवणाऱ्या कारखान्यात ज्या टाकीत वायू आणि द्रव एकत्र येतात, तिची उंची-रुंदी ठरवायची तर हीच उत्तरं लागतात.

ही संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. जुने लोक तिला अजूनही ‘यूडीसीटी’च म्हणतात. ऑक्टोबर १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली आणि २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठ बनली. इथल्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांच्या संशोधन विषयांची यादी पाहिली, तर सुरुवातीला गोंधळायला होतं. कुणी काळ्या मिरीतून अर्क काढतं, कुणी पेंढ्यापासून अल्कोहोल, कुणी चुलीची कार्यक्षमता मोजतं, तर कुणी पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करतं. यादी नीट वाचली की या सगळ्यांतून जाणारा एक धागा दिसू लागतो. दोन पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर काय घडतं, हाच या सगळ्यांच्या कुतूहलाचा विषय आहे.

रसायनशास्त्रज्ञ चंबूत एखादी अभिक्रिया यशस्वी करून दाखवतो, तिथून केमिकल इंजिनिअरचं काम सुरू होतं. समजा, चंबूच्या दसपट उंच आणि दसपट रुंद टाकी घेतली. तिच्यात हजारपट द्रव मावतो, पण तिच्या भिंतींचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट वाढतं. अभिक्रियेत उष्णता निर्माण होत असेल, तर चंबूत ती भिंतींतून सहज निघून जाते. टाकीत ती साचते आणि तापमान हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून चंबूतली कृती हजारपट करून कारखाना उभा राहत नाही. उष्णता, द्रव्य आणि प्रवाह यांचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

या हिशेबाला माटुंग्यात शिस्त आणली ती प्रा. मनमोहन शर्मा यांनी. जोधपूरला १९३७ मध्ये जन्मलेले शर्मा यूडीसीटीत शिकले, केंब्रिजला पी. व्ही. डँकवर्ट्स यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते यूडीसीटीत प्राध्यापक झाले. वायू द्रवात शोषला जाताना प्रत्यक्ष अभिक्रिया कुठे आणि किती वेगानं होते, हा त्यांचा विषय.

त्यातली अडचण अशी. एक लिटर हवेचा एकच गोल बुडबुडा केला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ४८० चौरस सेंटीमीटर भरतो. तीच हवा दोन मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली, की पृष्ठभाग ३ चौरस मीटर होतो, म्हणजे साठपटीहून जास्त. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, त्याचं कारणही हेच. पण खदखदणाऱ्या टाकीत लाखो बुडबुडे फुटत आणि जुळत असताना त्यांचं एकूण क्षेत्रफळ मोजायचं कसं? डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी त्यासाठी रसायनाचाच आधार घेतला. जिचा वेग आधीच अचूक ठाऊक आहे अशी अभिक्रिया निवडायची, किती वायू शोषला गेला ते मोजायचं आणि त्यावरून उलट गणित करून क्षेत्रफळ काढायचं. कार्बन डायऑक्साइड अल्कली आणि अमाइनच्या द्रावणांत कसा शोषला जातो, यावर या दोघांनी १९६६ मध्ये सविस्तर लिहिलं. आज धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड अडवण्याची जी चर्चा जगभर चालू आहे, तिच्या मुळाशी हेच रसायन आहे. शर्मा १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

शर्मांनी शिष्यांची मोठी फळी उभी केली. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले रघुनाथ माशेलकर त्यांच्याच हाताखाली डॉक्टर झाले. सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे ज्येष्ठराज जोशी आणि कोल्हापूर जिल्ह्यातले गणपती यादव हेही त्यांचेच विद्यार्थी. जोशींनी बुडबुड्यांचा प्रश्न पुढे नेला. उंच स्तंभात खालून वायू सोडला की द्रव मधोमध वर चढतो आणि कडेनं खाली उतरतो. या भोवऱ्यांचं गणित त्यांनी मांडलं आणि पुढे ते संगणकावर सोडवलं. स्तंभ रुंद केला तर आत काय होईल, याचा अंदाज त्यामुळे तो बांधण्याआधीच घेता येतो.

याच जोशींनी स्वयंपाकघराकडेही तितक्याच गांभीर्यानं पाहिलं. प्रा. अनिरुद्ध पंडित आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्वयंपाकाच्या उपकरणांवर एक लेखमाला २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. उघड्या पातेल्यात पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवली तरी तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं. वाढते ती फक्त वाफ. डाळ शिजायला प्रत्यक्षात लागणारी उष्णता थोडी असते, बाकीची हवेत जाते. शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये आणि भांडं आणि हवा यांच्यामध्ये किती उष्णता वाया जाते, हे मोजून भांड्यांची रचना सुधारणं हा त्या कामाचा गाभा होता. लाकूडफाटा गोळा करण्यात ज्या घरांतल्या बायकांचा दिवस जातो, तिथे या मोजमापाचं मोल मोठं आहे.

पंडित हे जोशींचे विद्यार्थी. त्यांनी बुडबुडा वेगळ्या अंगानं हाताळला. पाणी अरुंद छिद्रातून वेगानं नेलं की त्याचा दाब इतका उतरतो की वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढे दाब पूर्ववत झाला की ते कोसळतात, आणि त्या क्षणी त्या बिंदूपाशी तापमान हजारो अंशांवर जातं. पंपाची पाती याच कारणानं झिजतात. पंडित यांनी हा विध्वंस कामाला लावला. पाण्यातले जंतू मारण्यासाठी आणि सांडपाण्यातली चिवट रसायनं तोडण्यासाठी त्यांनी तो वापरून पाहिला. तेलाचं विघटन अशा प्रवाहात कसं होतं, हे त्यांनी जोशींबरोबर १९९३ मध्येच दाखवलं होतं.

मिरीची कथाही अशीच चकित करणारी आहे. मिरीचा तिखटपणा पाइपरिन या द्रव्यामुळे येतो आणि पाइपरिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. प्रा. विलास गायकर यांनी पाण्यात काही विशिष्ट क्षार मिसळून असं द्रावण तयार केलं, की ते मिरीच्या पेशींत शिरून पाइपरिन बाहेर आणतं. मग आणखी पाणी घातलं की पाइपरिनचे कण आपोआप तळाशी बसतात. ज्वालाग्राही सॉल्व्हंट न वापरता अर्क मिळतो. पुढे हळदीतल्या कर्क्युमिनसाठीही हीच वाट वापरली गेली.

प्रा. अरविंद लाली यांच्यासमोर प्रश्न होता पेंढा आणि चिपाडाचा. त्यांत साखर भरपूर असते, पण ती सेल्युलोजच्या रूपात लिग्निनच्या आवरणाखाली दडलेली असते. आवरण सैल करायचं, एन्झाइमना सेल्युलोजपर्यंत पोचवायचं आणि साखर आंबवून अल्कोहोल मिळवायचं, असा तो क्रम. या तंत्रावर आधारलेला, दिवसाला १० टन काडीकचरा हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला सुरू झाला.

विद्यार्थीही प्रयोगशाळेबाहेर पडले. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजीपाला वाळवणारं सौर यंत्र तयार केलं आणि ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी उभारली. विकता न आलेला माल ग्रामीण महिला या यंत्रांवर वाळवतात. या कंपनीला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

शर्मांचे विद्यार्थी गणपती यादव यांचं क्षेत्र उत्प्रेरकांचं. त्यांनी घडवलेल्या घन आम्ल उत्प्रेरकांच्या मालिकेला त्यांनी संस्थेवरूनच ‘यूडीकॅट’ असं नाव दिलं. द्रवरूप आम्ल वापरलं की शेवटी ते निष्क्रिय करून सांडपाण्यात सोडावं लागतं. घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो. गेल्या काही वर्षांत यादव आणि त्यांचे सहकारी, ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर, पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यावर काम करत आले आहेत. निव्वळ उष्णतेनं पाणी फोडायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागतं. तांबे आणि क्लोरिन यांच्या संयुगांची साखळी वापरली, तर तेच काम साडेपाचशे अंशांच्या आसपास होतं आणि तांबे-क्लोरिन पुन्हा पुन्हा वापरता येतात. मात्र या साखळीत कॉपर क्लोराइडच्या घन कणांवर वाफ सोडावी लागते, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि तो धातूच्या नळ्या खातो. घन कण आणि वाफ यांचा संपर्क पुरेसा चांगला व्हावा आणि यंत्रसामग्री त्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकावी, यासाठी अजून बरंच काम बाकी आहे.