आजीचा खुबा मोडला : कोणते ऑपरेशन बरे?

पहाटे मोरीत पाय घसरतो, आजी कुशीवर पडते आणि तिला पुन्हा उठता येत नाही. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर कलते. घरात गडबड उडते. कोणी म्हणतो हाडवैद्याकडे न्या, कोणी म्हणतो तेल चोळा, कोणी म्हणतो या वयात चिरफाड कशाला, पडून राहू द्या.

बंधू-भगिनींनो, हा शेवटचा सल्ला दयेचा वाटतो, पण तोच घातक आहे. पायाला वजन लावून दोन-तीन महिने पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्युमोनिया होतो, शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. आजीला लवकर अंथरुणातून उठवणे, हाच ऑपरेशनचा पहिला हेतू आहे.

खुब्याच्या गोळ्याची मान मोडली तर उपचार वेगळे. येथे मानेखालच्या उंचवट्याच्या भागातील मोडीचा विचार करू. १९४९ साली ब्रिटनमधील शल्यचिकित्सक इव्हान्स यांनी या मोडीचे स्थिर आणि अस्थिर असे दोन प्रकार सांगितले. स्थिर मोडीत हाडाचे तुकडे जुळवले की एकमेकांवर टेकून राहतात. अस्थिर मोडीत आतल्या बाजूचा आधाराचा तुकडाच निखळलेला असतो, किंवा मोडीची रेघ उलटी, म्हणजे आतून वरून बाहेर खाली गेलेली असते. असे हाड जुळवले तरी सरकते.

यावर मुख्यतः तीन ऑपरेशने आहेत.

पहिले, स्क्रू आणि पट्टी, म्हणजे डीएचएस. गोळ्यात जाड स्क्रू आणि मांडीच्या हाडाला बाहेरून पट्टी बसवतात. चालताना स्क्रू थोडा सरकतो व तुकडे एकमेकांवर दाबले जातात. स्थिर मोडीला हे उत्तम आणि कमी खर्चाचे. अस्थिर मोडीत मात्र स्क्रू जास्त सरकून पाय आखूड होऊ शकतो. उलट्या रेघेच्या मोडीला तर हे टाळावेच.

दुसरे, सळई, म्हणजे पीएफएन. लहान चिरेतून हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्यातून गोळ्यात स्क्रू नेतात. सळई हाडाच्या मधोमध असल्याने भार चांगला पेलते. म्हणून अस्थिर मोडीत बहुतेक डॉक्टर हीच निवडतात. पण तुकडे नीट जुळले नाहीत किंवा स्क्रू चुकीच्या जागी बसला, तर तो गोळा फाडून बाहेर येतो. सळईइतकेच महत्त्व ती बसवणाऱ्या हाताला आहे.

तिसरे, कृत्रिम गोळा, म्हणजे बायपोलर. हाड फार ठिसूळ झालेल्या, अतिवृद्ध अशा निवडक रुग्णांत हा बसवतात. हाड जुळण्याची वाट न पाहता पायावर भार देता येतो. परंतु ऑपरेशन मोठे, रक्त जास्त जाते आणि गोळा निखळण्याचा धोका राहतो.

तेव्हा सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : मोड स्थिर की अस्थिर? हेच ऑपरेशन का? पायावर भार कधी देता येईल? विचारण्यात संकोच नको. उशीरही नको. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ साली सांगितले की रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावे. पैशांसाठी सावकाराचे दार गाठण्याआधी शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते विचारा.

ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वॉकर धरून चालवा. उकिडवे बसू देऊ नका, शौचाला खुर्ची ठेवा. ठिसूळ हाडांवरील औषधही विचारून घ्या, नाहीतर दुसरा खुबा मोडायला वेळ लागत नाही.

आणि आजच मोरी कोरडी करा, रात्रीचा दिवा लावा, भिंतीला धरायला दांडा ठोका. आयुष्यभर राबलेल्या माणसाचे एवढे देणे आपण लागतोच.