जवळ आल्याच्या नोंदी

स्वमग्न मुलांना शिकवणाऱ्या आम्हा विशेष शिक्षकांच्या हातात एक तक्ता कायम असतो. तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. डोकं आपटणं, चावणं, किंचाळणं, कपडे काढून फेकणं, या सगळ्याच्या नोंदी त्यात भरायच्या आणि मग पालकांसोबत बसून कारण शोधायचं. कुकरची शिट्टी, मानेला टोचणारं लेबल, रिक्षावाल्याने बदललेला रस्ता... काहीतरी सापडतंच. पालक हा तक्ता इमानेइतबारे भरतात. मग तोच तक्ता मी वेगळ्या कामासाठी देते. मूल आपणहून तुमच्या जवळ कधी आलं, ते लिहा. बहुतेक आया म्हणतात, "ताई, येतच नाही हो तो."

हे उत्तर कुठून येतं, तेही कळतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची मापनपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा त्यावर गेली की ऑटिझम. पहिलाच विभाग नात्यांचा: नजरेला नजर देत नाही, हसण्याला हसून प्रतिसाद देत नाही, अलिप्त राहतो, माणसांशी नातं जोडता येत नाही. अनोळखी डॉक्टरांसमोर या प्रश्नांना 'हो, बऱ्याचदा', 'हो, नेहमीच' असं सांगत गेलेली आई बाहेर येते ती याला आपली मायाच नाही असं धरून. पट्टीला दोष देण्यात अर्थ नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे लाभ हवेत तर प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राला उणं काय तेच मोजावं लागतं. पण तीच पट्टी घरी नेऊन मुलाला लावायची नसते.

ठाण्यातल्या एका आईची वही मला फार शिकवून गेली. मुलगा सात वर्षांचा, बोलत नाही. सुरुवातीची पानं कोरी. नंतर एक ओळ, तीही खोडलेली: 'मेथी निवडताना पाठीला पाठ लावून बसला.' का खोडली? "तो माझ्यासाठी नव्हता आला, पंख्याकडे बघत होता." म्हटलं, पंखे घरात प्रत्येक खोलीत असतील, मग हाच का? त्यांनी पुढे नीट पाहिलं. त्या भाजी घेऊन ओट्याशी गेल्या, तर हा तिथे येऊन पायांना टेकून बसला. स्वयंपाकघरात पंखा नव्हता.

पाठीला पाठ लावण्यात बरंच काही साधतं. पुष्कळ स्वमग्न मुलांना समोरचा चेहरा झेपत नाही. डोळे, भुवया, ओठ एकाच वेळी हलतात आणि वर शब्दही येत असतात. गालावरून फिरवलेला हलका हात काहींना किडा चालल्यासारखा वाटतो. दाबाचा, स्थिर स्पर्श मात्र चालतो, हवाही असतो. पाठ टेकली की आई पूर्ण मिळते, चेहरा टळतो.

याच वहीत, पण त्रासाच्या तक्त्यात, आणखी एक नोंद होती: हनुवटी खांद्यात रुतवतो, दुखतं, मी ढकलते. शरीराला खोल दाब हवा असतो म्हणून मुलं असं करतात, हे खरं. दाब भिंतीकडूनही मिळतो, वर्गातल्या जड उशीकडूनही मिळतो. हा मुलगा माझ्या खांद्याला कधी आला नाही, वर्गातल्या मावशींच्याही नाही. आम्ही ती नोंद एका तक्त्यातून काढून दुसऱ्यात टाकली आणि आईच्या खांद्यावर जाड पंचा घडी करून ठेवायला सांगितलं. दुखणं थांबलं, हनुवटी राहिली.

सगळंच प्रेमाच्या खात्यावर मांडायलाही मी तयार नाही. मूल आपला हात धरून फ्रीजपाशी नेतं आणि तो हँडलवर ठेवतं, तेव्हा त्याला बहुधा दूधच हवं असतं. आई तापाने झोपली की चिडून तिला ओढणारं मूल बिघडलेल्या दिनक्रमावरही चिडलेलं असतं. त्यावरून पाहुण्यांनी त्याला निर्दय ठरवणं जितकं चूक, तितकंच आपण त्यात सेवाभाव शोधणंही. म्हणून तर तीन रकाने. आधी काय, नंतर काय, आणि इतर माणसांशीही तो असाच वागतो का, हे पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

डोंबिवलीचा एक मुलगा वडील दारात आले की खाली बघत म्हणायचा, "पुढील स्टेशन, दादर." वडिलांना वाटे, हे नुसतं पाठांतर. ऐकलेलं वाक्य मुलं पुढे कित्येक दिवसांनी म्हणतात, हे आता सर्वांना माहीत आहे. पण बॅरी प्रिझंट आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की अशा उच्चारांना पुष्कळदा हेतू असतो. नोंदींतून एवढंच निघालं की रविवारी बापलेक लोकलने दादरला जाऊन परत येत, आणि हे वाक्य आई, आजी, शिक्षिका यांच्या वाट्याला कधीच येत नव्हतं.

स्वमग्न मुलाला आईबाप परके, हा समज जुना आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, त्यात आईवडिलांच्या थंडपणाकडेही बोट होतं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तो आरोप टोकाला नेला. त्याआधी १९६४ मध्येच, स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी कारण शरीरात आहे असं मांडलं होतं. १९८४ मध्ये मेरियन सिगमन आणि ज्युडी अंगरर यांनी अमेरिकेत साधी गोष्ट तपासली: आई खोलीतून जाते, थोड्या वेळाने परतते, तेव्हा मूल काय करतं? मुलं अनोळखी बाईपेक्षा आईकडे अधिक वळली. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा निम्म्याहून थोडी अधिक स्वमग्न मुलं आईशी सुरक्षितपणे जोडलेली आढळली. आपल्याकडे बेटलहाइम कुणी वाचलेला नाही, तरी 'आई नोकरी करते ना, म्हणून' हे वाक्य प्रत्येक आईने ऐकलेलं असतं.

काही वडील येऊन सांगतात, "याला 'आय लव्ह यू' म्हणायला शिकवा." शिकवता येतं. दर वेळी बिस्किटाचा तुकडा द्यायचा, काही आठवड्यांत मूल म्हणू लागतं. मी शिकवत नाही. ते वाक्य बिस्किटाचं होतं, बापाचं होत नाही. त्यापेक्षा 'नको' म्हणायला, मानेने किंवा चित्रकार्ड दाखवून, आधी शिकवते. नको असलेला स्पर्श सोसायची सवय लावलेल्या मुलाला पुढे कुणीही हात लावू शकतं, आणि ते मूल घरी येऊन सांगू शकत नाही.

म्हणून मामा-मावश्यांना, आजी-आजोबांना एक विनंती. लग्नकार्यात 'पापा दे' म्हणत या मुलांना पुढे ढकलू नका. शेजारी बसा, तळहात उघडा ठेवा, गप्प राहा. नाही आला तर रागावू नका, पुढच्या वेळी पुन्हा बसा. आणि आईने वही उघडून काही लिहिलं, तर तिला वाचून दाखवायला सांगा.