भूमिका-खेळातील युद्धेतर प्रसंगांची रचना : तट्टांच्या खेळाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

चार-सहा व्यक्तींनी एका टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र स्वीकारून, संवादाच्या आधारे कथा पुढे नेणे म्हणजे बैठा भूमिका-खेळ होय. त्यांपैकी एक व्यक्ती सूत्रधार असते. सूत्रधार परिस्थिती सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जेथे परिणाम अनिश्चित असतो तेथेच फासे टाकले जातात. मोक्षपटात फासा नेईल तिकडे सोंगटी जाते. भूमिका-खेळात फासा कशासाठी टाकावयाचा, हे खेळाडूच्या निवडीवर अवलंबून असते. गटचर्चा व नाट्यीकरण यांच्या जोडीने वर्गात या खेळाचा उपयोग करू पाहणाऱ्या अध्यापकासमोर एक अडचण येते. या प्रकारातील बहुतेक परिचित खेळ लढाईभोवती रचलेले आहेत. लढाई वगळली की खेळात काय उरते, असा प्रश्न त्यामुळे निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. युद्धेतर प्रसंगाचे आवश्यक घटक स्पष्ट करणे.
२. मराठी परिसरातील उदाहरणांच्या आधारे त्यांची रचना दाखविणे.
३. अध्यापनातील उपयोगाच्या मर्यादा नोंदविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

भूमिका-खेळाचा उगम युद्धखेळात आहे. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झ या अधिकाऱ्याने लष्करी प्रशिक्षणासाठी नकाशा व फासे वापरणारा खेळ सादर केला. पुढे छंद म्हणून युद्धखेळ खेळणाऱ्यांमधूनच गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लढाईचे नियम सविस्तर आणि संवादाचे नियम त्रोटक, ही परंपरा तेथून आली. तथापि याच खेळात समोर आलेला प्राणी शत्रुत्वाने वागेल की मैत्रीने, हे ठरविण्यासाठी दोन फासे टाकण्याची सोय होती आणि अनुभवाचे गुण मुख्यतः मिळविलेल्या धनावरून मोजले जात. म्हणजे लढाई टाळून कार्य साधणे हा मार्ग प्रारंभापासूनच उपलब्ध होता.

तट्टांचा खेळ :

या दृष्टीने 'टेल्स ऑफ इक्वेस्ट्रिया' हा रिव्हर हॉर्स या ब्रिटिश संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला खेळ अभ्यसनीय आहे. 'माय लिटल पोनी' या खेळण्यांवर आधारित जी चित्रमालिका २०१० ते २०१९ या काळात चालली, तिच्या विश्वात हा खेळ घडतो. खेळाडू भूचर, पंखधारी किंवा एकशिंगी तट्टू होतो. पात्राचे शरीर, मन व आकर्षण असे तीन गुण असतात आणि गुण जितका बलवान तितका अधिक बाजूंचा फासा मिळतो. प्रत्येक पात्राला एक खास कौशल्य असते, तसाच एक स्वभावदोषही असतो. दमछाक झालेले तट्टू मरत नाही. त्याला विश्रांती घ्यावी लागते. 'मैत्रीचिन्हे' खर्च करून फसलेला फासा पुन्हा टाकता येतो. या खेळासोबतच्या पहिल्या कथेत खेळाडूंवर इतरांच्या पाळीव प्राण्यांची देखभाल करण्याची जबाबदारी येते. धावपळ, शोध व समजूत घालणे यांतूनच कथा पुढे सरकते.

युद्धेतर प्रसंगाचे घटक :

युद्धेतर प्रसंग म्हणजे संघर्षरहित प्रसंग नव्हे. तलवार बाजूला ठेवली तरी दोन पक्षांच्या गरजा परस्परांना छेद देऊ शकतात. अशा प्रसंगात पुढील चार घटक असावे लागतात : (अ) प्रत्येक पक्षाची स्पष्ट व समजण्याजोगी गरज, (आ) त्या गरजेच्या आड येणारी अडचण, (इ) वेळ, साधने किंवा विश्वास यांपैकी कशाची तरी मर्यादा, (ई) यश व अपयश या दोहोंचा कथेवर होणारा परिणाम. यांतील चौथा घटक बहुधा दुर्लक्षिला जातो. 'फासा फसला, म्हणून काहीच घडले नाही' असे झाले की खेळ थांबतो. अपयशातूनही नवी परिस्थिती उद्भवली पाहिजे.

उदाहरण पहिले – धनगरांचा वाडा :

'भीमथडीचे तट्टू' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला परिचित आहे. मराठ्यांच्या घोडदळातील हे काटक जनावर आज मेंढपाळ धनगरांच्या स्थलांतरात संसार वाहून नेते. लढाई संपल्यावर तट्टाला काय काम उरते, याचे उत्तर मराठी मुलखात असे प्रत्यक्ष उपलब्ध आहे.

वाडा मुक्कामाला आला की शेतकरी आपल्या रिकाम्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा रोख रक्कम देतो. आता खेळाडू वाड्यातील तट्टे आहेत असे मानावे. सांजवेळ आहे. बोलावणाऱ्या शेतकऱ्याच्या रानाकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते आणि तेथे ज्वारी उभी आहे. मागील वर्षी मेंढ्यांनी नुकसान केल्यामुळे शेजारी वाट अडवून उभा आहे. कळपातील एक मेंढी विण्याच्या बेतात आहे. येथे कोणीही दुष्ट नाही. शेजाऱ्याचे म्हणणेही रास्त आहे.

खेळाडू शेजाऱ्याची तक्रार ऐकून घेतील (मन), बांधावर रांगेने उभे राहून पिकाचे रक्षण करतील (शरीर) किंवा त्याच्याही रानात एक रात्र मेंढ्या बसविण्याचे वचन देतील (आकर्षण). बोलणी फसल्यास शेजारी एक कोकरू तारण मागतो किंवा वाड्याला लांबच्या वाटेने जावे लागते, अंधार पडतो आणि मेंढी वाटेतच विते. कथा दोन्ही बाजूंनी पुढे जाते.

फाशांचे गणित :

चार किंवा अधिक पडल्यास यश, असे ठरविले तर सहा बाजूंच्या फाशावर यशाची शक्यता ५० टक्के व चार बाजूंच्या फाशावर २५ टक्के असते. गुणाचा व कौशल्याचा असे हे दोन्ही फासे टाकून मोठा आकडा घेतला, तर ती ६२.५ टक्के होते. म्हणजे योग्य कौशल्य असूनही आठपैकी तीन वेळा अपयश येते. म्हणून संपूर्ण प्रसंग एका फाशावर सोपवू नये. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००८ मधील चौथ्या आवृत्तीत ठरावीक अपयशे येण्यापूर्वी ठरावीक यश मिळविण्याची पद्धत होती. ती येथे उपयुक्त ठरते. मात्र खेळाडूने नेमके काय केले, हे सांगितल्यावाचून फासा टाकू देऊ नये. अन्यथा संवादाची जागा आकडेमोड घेते.

उदाहरण दुसरे – पुराची रात्र :

प्रतिपक्ष माणूसच असावा असे नाही. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा (ता. वसमत) या गावात जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत पुराचे पाणी शिरले होते. अशा प्रसंगाच्या रचनेत काळ हाच मुख्य दबाव असतो. सूत्रधाराने कागदावर सहा चौकटी आखाव्यात व प्रत्येक कृतीनंतर एक भरावी. सहावी भरली की वाट बंद होते. गोठ्यात बांधलेले वासरू, पेरणीसाठी ठेवलेले बियाणे आणि घर सोडण्यास नकार देणाऱ्या आजी – एवढ्या वेळात तिन्ही साधत नाहीत. आजींची समजूत काढण्यात दोन चौकटी जातात. त्यांना बळाने उचलले तर एकच जाते, पण त्यांचा विश्वास गमावला जातो. असा निर्णय गटाला एकत्रितपणे घ्यावा लागतो व त्याची कारणे एकमेकांना सांगावी लागतात. अध्यापनाच्या दृष्टीने या खेळाचे खरे फलित तेच होय.

मर्यादा :

१. पूरग्रस्त गावातील विद्यार्थ्यांसमोर हा प्रसंग मांडताना गावाचे नाव बदलावे व कोणालाही खेळ थांबविण्याची मुभा असावी.
२. एका सूत्रधाराला पाच-सहा खेळाडू पुरे होतात. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात गट पाडून त्यांतील विद्यार्थ्यांनाच सूत्रधार म्हणून तयार करावे लागते.
३. 'योग्य' उत्तर आधीच ठरवून विद्यार्थ्यांना त्याकडे ढकलले, तर मैत्रीचा खेळ प्रवचन होऊन बसतो. किमान तीन मार्ग खुले नसतील तर तो प्रसंग पुन्हा रचावा.

निष्कर्ष :

१. युद्धेतर प्रसंगाचा जिवंतपणा परस्परविरोधी परंतु रास्त गरजांतून येतो.
२. अपयशाचा परिणाम आधी लिहिल्याखेरीज प्रसंगाची रचना पूर्ण होत नाही.
३. अशा प्रसंगांसाठी परकीय कल्पनाविश्वावरच अवलंबून राहण्याचे कारण नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत मराठी मुलखात परिचित आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत तर घोड्यांचाच मोठा बाजार भरतो. दोन खेळाडूंच्या हातांवर रुमाल टाकला की तोही एक प्रसंग सिद्ध होतो.
४. बांध, पाणी व वाट यांवरून होणारे तंटे ग्रामीण विद्यार्थ्याने जवळून पाहिलेले असतात. त्यात समोरच्याच्या जागी उभे राहून बोलण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. ती संधी वर्गात निर्माण करण्याचे एक अल्पखर्ची साधन म्हणून या खेळाकडे पाहता येईल.