पोर मठ्ठ नाही, गोंगाट फार आहे!

मूल अभ्यासात मागे पडले की आपल्या घरात पहिला शब्द निघतो ‘मठ्ठ’, आणि मागोमाग पाठीत धपाटा. पण त्या मुलाच्या कानांवर दिवसभर काय आदळते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आज आम्ही हाच विषय पालकांपुढे मांडीत आहोत.

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागात ‘पी. एस. ९८’ नावाची सरकारी शाळा आहे. तिच्या एका बाजूने, अगदी जवळून, खांबांवरची रेल्वे जाते. साधारण दर साडेचार मिनिटांनी गाडी यायची आणि ती जाईपर्यंत बाईंचे शिकवणे थांबायचे. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने रेल्वेकडच्या वर्गांतील मुलांचे वाचन आणि शांत बाजूच्या वर्गांतील मुलांचे वाचन ताडून पाहिले. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. शाळा तीच, वस्ती तीच. तरी सहावीपर्यंत रेल्वेकडची मुले जवळजवळ एका वर्षाने मागे पडलेली आढळली. पुढे रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन सारखे निघाले. मुले तशीच होती, फक्त गोंगाट कमी झाला होता!

जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ १९९२ साली बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. तेव्हा जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण सुधारले, तर नव्याजवळच्या मुलांचे घसरले.

असे का होते? मोठ्या माणसाला अर्धा शब्द ऐकू आला तरी उरलेला तो अंदाजाने जुळवतो, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो. लहान मुलाचा शब्दसाठाच तोकडा. ‘पाट’ की ‘ताट’, ‘कान’ की ‘खान’, हा फरक गोंगाटात बुडतो. जो शब्द नीट ऐकला नाही, तो वाचता-लिहिता कसा येणार? शिवाय सततच्या आवाजाला कंटाळून मूल ऐकणेच सोडून देते. मग गाडीच्या आवाजाबरोबर बाईंचा आवाजही त्याच्या कानाबाहेर राहतो.

कधी दोष कानातच असतो. वारंवार सर्दी झाली की पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. मूल हाक मारल्यावर ‘ओ’ देत नसेल, टीव्ही मोठा लावीत असेल, कान फुटत असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्यावे. कानात तेल ओतू नये, काडी घालू नये.

बाबासाहेबांनी शाळेत असताना काही काळ परळच्या चाळीत एका खोलीत राहून अभ्यास केला. वडील त्यांना लवकर निजवीत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवीत, कारण शांतता तेवढीच मिळे. आज आपल्या घरीही खोली एकच असेल, पण संध्याकाळी तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला पैसा लागत नाही. त्या तासात आईने भाकरी थापता थापता मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावावे. शाळेत त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवावे, असे बाईंना सांगावे.

वस्तीचेही कर्तव्य आहे. २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. सणासुदीच्या ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकते, एवढेच. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. भोंगा लग्नाचा असो की आपल्याच जयंतीचा, शेजारच्या खोलीत एखादे लेकरू परीक्षेचा अभ्यास करीत असते. जयंती मंडळाच्या तरुणांनी आवाज आवरला, तर त्या लेकराला मोठाच हातभार लागेल, असे आम्हांस वाटते.