शाई ठरवा, मग प्रिंटर

घरी फोटो छापायला प्रिंटर हवा म्हणून दुकानात गेलं की सगळ्यात आधी डीपीआयचा आकडा कानावर पडतो. ५७६० बाय १४४०, ४८०० बाय १२००. आकडा मोठा म्हणजे फोटो सरस, असा आपला समज होतो. या आकड्यावरून प्रिंटर निवडू नये. यंत्र एका इंचात शाईचे थेंब किती ठिकाणी टाकू शकतं, एवढंच त्यातून कळतं. फोटोतला तपशील येतो तो फाइलमधल्या पिक्सेलांतून, आणि हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचामागे ३०० पिक्सेल पुरतात. ए-४ आकाराला पावणेनऊ मेगापिक्सेल, ए-३ला साडेसतरा. चोवीस मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातला फोटो ए-३वर निवांत बसतो.

प्रिंटचा दर्जा ठरतो तो शाई कोणत्या जातीची, किती रंगांची आणि कागद कोणता यावर. पुढची पाच-सात वर्षं आपण ज्या शाईत छापणार, ती शाई आधी निवडायची. यंत्र तिच्यामागून येतं.

रंगांची संख्या का महत्त्वाची, हे भिंगातून दिसतं. चार रंगांच्या ऑफिस प्रिंटरवर छापलेला एखादा चेहरा घ्या आणि गालावर जिथे ऊन पडलंय तिथे भिंग धरा. पांढऱ्या कागदावर गडद गुलाबी आणि पिवळे ठिपके सुटे सुटे विखुरलेले दिसतात. फिकट छटा दाखवायला त्या यंत्रापाशी एकच उपाय असतो, गडद थेंब विरळ टाकायचे. म्हणून उजळ त्वचा, ढग, बाळाचं कपाळ यांवर कण उठतात. बहुतेक सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा अशा दोन जादा शाया असतात. तोच गाल तिथे भिंगाखाली धरला तर ठिपके जवळजवळ आलेले, एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि नुसत्या डोळ्यांना सलग त्वचा दिसते. छपाईवाल्यांना ही युक्ती जुनीच. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात लिथोवर चित्रं निघत, तेव्हाही रंगागणिक वेगळा दगड लागे. एप्सनने १९९६ साली ‘स्टायलस फोटो’ या प्रिंटरमध्ये सहा रंग घातले आणि इंकजेटवर छापलेला फोटो पहिल्यांदा फोटोसारखा दिसू लागला. आजच्या काही घरगुती यंत्रांत सगळ्यात लहान थेंब दीड पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोलिटर.

‘स्टायलस फोटो’च्या आधी चांगली डिजिटल प्रिंट ही श्रीमंतांची गोष्ट होती. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडमधला गायक ग्रॅहम नॅश उत्तम फोटोग्राफरही होता. आपले फोटो संगणकावरून कागदावर आणायला त्याने आयरिस ३०४७ नावाचं यंत्र घेतलं. छापखान्यांना मोठ्या छपाईआधी नमुना काढता यावा म्हणून बनवलेलं हे इंकजेट सव्वा लाख डॉलरच्या घरात जात होतं. १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला मॅक होल्बर्टच्या साथीने त्याने ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना उघडला आणि जाड आर्ट पेपरवर कलाकारांच्या प्रिंट निघू लागल्या. तो आयरिस आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. प्रिंट देखण्या होत्या, पण शाई मुळात नमुन्यापुरती बनवलेली. पाणी लागलं की पसरायची, उजेडात लवकर उडायची. फोटो छापला, आता तो टिकणार किती, हा प्रश्न तिथून सुरू झाला आणि घरचा प्रिंटर निवडताना आजही तोच पहिला विचारायला हवा.

शाईच्या जाती दोन. डायमध्ये रंग पाण्यात पुरता विरघळलेला असतो. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, पाण्यात कालवलेल्या हळदीसारखे. डाय कागदाच्या थरात मुरते, त्यामुळे ग्लॉसी कागदावर रंग भडक, खोल आणि चकचकीत येतात. पिगमेंटचे कण वरच्या थरावर बसतात. एक-एक कण म्हणजे रंगाचा घट्ट पुंजका, त्यामुळे उजेड आणि हवा यांना त्याचा फडशा पाडायला खूप वेळ लागतो. या फरकाची किंमत लोकांना २००० साली कळली. एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर तेव्हा फार गाजले होते. प्रिंट उजेडात पुष्कळ वर्षं टिकेल असं सांगितलं जात होतं. पण उघड्यावर ठेवलेल्या काही प्रिंट थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागल्या. उजेडाचा दोष नव्हताच. हवेतला ओझोन कागदाच्या सच्छिद्र थरात शिरून सायन रंग खात होता. सायन गेला की उरतो तो नारिंगी. काचेमागच्या प्रिंट वाचल्या. अमेरिकेत आयोवातल्या ग्रिनेलचे हेन्री विल्हेल्म रंगीत फोटो किती टिकतात याच्या चाचण्या फार आधीपासून घेत होते, या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९३चा. या प्रकारानंतर उजेडासोबत वायूचीही चाचणी हवी हे सगळ्यांना पटलं. २००२मध्ये पिगमेंट शाईचा स्टायलस फोटो २२०० आला आणि २००५च्या आर-२४००मध्ये काळ्या रंगाच्या एकाच वेळी तीन छटा आल्या. कृष्णधवल फोटो छापणाऱ्यांनी डार्करूम बंद करायला सुरुवात केली ती साधारण इथून.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथे घराघरांत पोचला तो टाकीवाला प्रिंटर. एप्सनने बाटलीतून शाई ओतायची ही पद्धत २०१०मध्ये इंडोनेशियात आणली आणि मग ती भारतात आली. सहा रंगांचा एल-८०५ महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात दिसतो. फोटोंइतकाच पीव्हीसीची ओळखपत्रं छापायला. त्याच्या पुढच्या एल-८०५०मध्ये ओळखपत्राची सोय कंपनीनेच दिली. ए-३ हवा असेल तर एल-१८०५०. कॅननच्या जी-५७० आणि जी-६७०मध्येही सहा शाया आहेत, पण फिकट रंगांऐवजी लाल आणि राखाडी. राखाडीचा उपयोग सावल्यांत आणि कृष्णधवलात जाणवतो. ही सगळी डायची यंत्रं. शाई स्वस्त असल्यामुळे माणूस हात आखडत नाही, एकच फोटो तीन प्रकारे छापून बघतो, आणि छापणं शिकायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. घरचे अल्बम, मुलांचे फोटो, मित्रांना द्यायच्या प्रिंट, एवढं काम असेल तर याच वर्गातला प्रिंटर घ्यावा. प्रिंट काचेमागे किंवा अल्बममध्ये ठेवली, की डायही बरीच वर्षं साथ देते.

पिगमेंटचे प्रिंटर किमतीने याच्या कित्येक पट. कॅननचा प्रो-३००, एप्सनचा पी-७०० ही तेरा इंच रुंद कागद घेणारी दहा-दहा शायांची यंत्रं आहेत. ज्यांना प्रदर्शन भरवायचंय, प्रिंट विकायच्या आहेत, किंवा कृष्णधवलाचं वेड आहे त्यांनीच इकडे वळावं. राखाडी शाई नसलेल्या सहा रंगांच्या डायमध्ये राखाडी छटा रंगीत शाया मिसळून तयार होते, त्यामुळे कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक येते. पिगमेंटच्या यंत्रात राखाडीसाठी राखाडीच शाई असते. मॅट कागदावर तर पिगमेंटला तोड नाही. ग्लॉसीवर मात्र तिरकं धरलं की काही भाग कमी-जास्त चमकतात. प्रो-३००मध्ये दहावी शाई पारदर्शक असते, ती हा फरक लपवायलाच.

कागदावर लोक पैसे वाचवतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. साध्या कागदावर शाई फुटते. फोटो कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो, आणि तोच रंग किती खोल येणार ते ठरवतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) ग्लॉसीवर चांगला प्रिंटरही मार खातो. जर्मनीच्या हानेम्यूलेची कागद गिरणी १५८४पासूनची. त्यांचा ३०८ जीएसएमचा सुती ‘फोटो रॅग’ एकदा हातात घेऊन बघाच. त्याचा पृष्ठभाग मऊ आणि किंचित खरखरीत, पांढरेपणा उबदार, आणि त्यावर उतरलेला गाल किंवा भिंत बोटाने चाचपावीशी वाटते. तो रोज वापरायचा कागद नव्हे. रोजसाठी प्रिंटरच्याच कंपनीचा चांगला ग्लॉसी किंवा सेमी-ग्लॉस घ्यावा, कारण त्याचे रंग-प्रोफाइल ड्रायव्हरसोबत येतात. दुसऱ्या कंपनीचा कागद घेतला तर त्याचं आयसीसी प्रोफाइल त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं आणि छापताना ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद ठेवायची. प्रोफाइल आणि ड्रायव्हर दोघांनीही रंग सुधारले तर चेहरे लालबुंद होतात.

“स्क्रीनवर छान दिसतो, छापल्यावर काळा येतो” ही तक्रार प्रत्येक नवा माणूस करतो. प्रिंटरचा त्यात दोष नसतो. मॉनिटर दुकानातल्या झगमगाटासाठी बनवलेला असतो, घरी त्याचा उजेड निम्म्यावर आणला की बराच फरक पडतो. मॉनिटरचे रंग जुळवणारा कॅलिब्रेटर घेता आला तर उत्तम. प्रिंट बघायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीशी.

इंकजेटला पडून राहणं सोसत नाही. नॉझल केसाहून बारीक असतात, शाई वाळली की बुजतात. मग हेड क्लीनिंग करायचं, म्हणजे महागाची शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये ओतायची. आठवड्याला एखादा रंगीत फोटो काढत राहणं त्याहून स्वस्त पडतं. दुष्काळी भागात शाई वाळते, तर कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागद दमट होऊन वळतो आणि त्याची कड हेडला घासते. उघडलेलं पाकीट सिलिका जेलसह डब्यात बंद ठेवावं आणि प्रिंट रात्रभर सुकल्यावरच अल्बममध्ये घालावी.

वर्षातून दोन-चारदाच छापणाऱ्याने इंकजेट घेऊच नये. पोस्टकार्ड आकाराचे फोटो हवे असतील तर कॅननची ‘सेल्फी’ नावाची छोटी यंत्रं आहेत. त्यांत ओली शाई नसते. रिबनवरचे तीन रंग उष्णतेने कागदावर चढतात आणि वर पारदर्शक थर बसतो. सहा महिने पडून राहिली तरी काही बिघडत नाही. त्याहून मोठ्या फोटोंसाठी शहरातली लॅब बरी.

आणि विकत घ्यायचं पक्कं असेल तर पेनड्राइव्हवर आपलेच तीन फोटो घेऊन दुकानात जा: एक उन्हातला चेहरा, एक गडद पैठणी, एक कृष्णधवल. कंपनीचा नमुना बघू नका, तो छान दिसावा म्हणूनच निवडलेला असतो. आपले फोटो, आपण घरी वापरणार तोच कागद, आणि प्रिंट दुकानाच्या दाराशी उजेडात आणून बघायची. गडद पैठणीतल्या चुण्या दिसतात का, राखाडीत हिरवी झाक आहे का, एवढं पुरे. दुकानदार प्रिंट काढून द्यायला नाही म्हणाला तर सरळ दुसऱ्या दुकानात जावं.