ठोसा पायातून निघतो

2022 साली छत्तिसावी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाली. सुरतेच्या वाट्याला टेबल टेनिस आणि बॅडमिंटन आलं, डुमसच्या किनाऱ्यावर वाळूतले खेळ रंगले. बॉक्सिंगची रिंग मात्र गांधीनगरच्या महात्मा मंदिरात लागली. यंत्रमागाच्या कामामागे येऊन सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावलेल्या खानदेशी घरांना अंगाला अंग भिडणारा ओळखीचा खेळ म्हणजे कुस्ती. यात्रेतल्या दंगली पाहत वाढलेली नजर ताकदीची एक खूण पक्की ओळखते: पाय रोवून उभा राहिलेला गडी. हीच नजर घेऊन बॉक्सिंग पाहायला बसलं, की फसगत होते. रिंगणात पाय रोवून उभा राहिलेला गडी बहुतेक वेळा मार खाणारा असतो.

दोन्ही खेळांत तोलच महत्त्वाचा, पण त्याची गरज वेगळी. कुस्तीत समोरचा तुम्हाला ओढणार, उचलणार, पट काढणार. म्हणून खडाखडीतच पैलवान कमरेत वाकतो, बूड खाली ठेवतो. बॉक्सिंगमध्ये कमरेखाली हात लावायला बंदी. इथे धोका ठोशाचा, आणि ठोसा चुकवायचा तर जागा सोडावी लागते. त्यामुळे बॉक्सरचा तोल म्हणजे पडायचं नाही एवढंच नव्हे. ठोसा मारून झाल्यावर, चुकल्यावर किंवा खाल्ल्यावर पुढच्या क्षणी कुठल्याही दिशेला निघता येतं का, यावर तो जोखला जातो.

उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा पाय पुढे, उजवा मागे. पावलं साधारण खांद्याएवढ्या अंतरावर, पण एका रेषेत नाहीत. एका रेषेत आली तर बाजूचा धक्का सोसत नाही. गुडघे किंचित सैल, मागची टाच जमिनीपासून सुटलेली, हनुवटी छातीकडे. वजन दोन्ही पायांवर वाटलेलं. पाय फार फाकवले तर हालता येत नाही, फार जवळ आले तर हलक्या ठोशानेही भेलकांडायला होतं. चालण्याचाही नियम ठरलेला: ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. पुढे जाताना पुढचा, मागे सरताना मागचा, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. दुसरा पाय तेवढंच अंतर सरकून येतो. पाय एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. रस्त्यावर चालताना मात्र आपला एक पाय प्रत्येक पावलाला दुसऱ्याला ओलांडूनच पुढे जातो, म्हणून नवशिक्याला पहिले काही महिने पुन्हा चालायला शिकावं लागतं.

आता ठोसा. तो हातातून निघतो असं दिसतं, पण निघतो जमिनीतून. मागचा चवडा जमीन रेटतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि मूठ शेवटी पोचते. हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सीने 1950 च्या आपल्या पुस्तकात ‘फॉलिंग स्टेप’ समजावली आहे: पुढचा पाय जरासा उचलायचा, शरीराचं वजन पुढे पडू द्यायचं आणि पाऊल टेकण्याआधी ते मुठीतून समोरच्यावर घालायचं. म्हणजे जोरकस ठोसा हे एका अर्थाने ठरवून केलेलं पडणंच आहे. नवशिका इथेच फसतो. ठोसा लागावा म्हणून तो नाक पुढच्या गुडघ्यापलीकडे नेतो. समोरचा इंचभर मागे सरकला, की वजन हवेत जातं आणि गार्ड उघडा पडतो. वजन सोडायचं आणि तेवढ्याच झटक्यात परत मिळवायचं, ही या कसबातली सर्वांत अवघड गोष्ट.

ती कमवायची साधनं मात्र स्वस्त आहेत. दोरीच्या उड्या चवड्यांवर राहायला आणि ताल धरायला शिकवतात. जमिनीवर खडूची रेघ ओढून तिच्या दोन बाजूंना पाय ठेवत पुढेमागे सरकायचं. आरशासमोरच्या शॅडो बॉक्सिंगमध्ये समोर कोणी नसतं, त्यामुळे हवेत गेलेल्या ठोशानंतर स्वतःला सावरणं भाग पडतं. पंचिंग बॅगवर भर दिलेल्यांना हा आधार सोडवत नाही. ते बॅगेवर रेलून मारायला शिकतात. काही तोल खेळाबाहेरही शिकता येतो. मल्लखांब पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रूढ केला तो मल्लांच्या पूरक व्यायामासाठीच. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला लहानपणी वडिलांनी बॉक्सिंग थांबवून काही वर्षं पारंपरिक नृत्य शिकायला घातलं. पुढे 2008 आणि 2012 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याने जिंकली, आणि जाणकार अजून त्याच्या पायांबद्दलच बोलतात.

महाराष्ट्राचं नाव कुस्तीशी जोडलेलं असलं, तरी पुण्यातली आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट आणि अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी इथे बॉक्सर घडतात. नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे 81 किलोंवरील गटात युवा जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी पुण्याची देविका घोरपडे स्पेनमध्ये 52 किलो गटात. दोन टोकांची वजनं, पण पायांचे नियम तेच. जड गटात एक चुकलेलं पाऊल सावरायला वेळ लागतो, हलक्या गटात तो वेळ प्रतिस्पर्धी देत नाही.

तोल येतो सगळ्यात उशिरा आणि जातो सगळ्यात आधी. तिसऱ्या फेरीत पोटऱ्या भरून आल्या, की टाचा टेकतात, पाय ओलांडले जातात, ठोसे हाताचेच उरतात. हनुवटीवर बाजूने हुक बसला तर डोकं गर्रकन फिरतं, मेंदूला हिसका बसतो आणि गुडघे लटपटतात. म्हणून पंच आठ आकडे मोजताना बॉक्सरचे डोळे आणि पाय दोन्ही न्याहाळतो.

गुणपत्रिकेवर तोलाला वेगळा रकाना नाही. पंच पाहतात नेमके ठोसे, वर्चस्व आणि डावपेच. पण तोल गेलेल्याच्या ठोशात वजन नसतं, त्याला पुढे दाबता येत नाही आणि दुसरा डावही सुचत नाही. पुढची लढत पाहताना फेरीभर मुठी सोडून फक्त पाय पाहावेत. निकाल जाहीर होण्याआधी बराचसा कळलेला असतो.