टसरचा पतंग आणि त्याचे वाण

उन्हाळ्याच्या तोंडाशी जबलपूरहून मंडल्याकडे निघाले, की रस्त्याच्या दुतर्फा ऐनाची निष्पर्ण झाडे लागतात. त्या मुलखात ह्या झाडास साज म्हणतात. एखाद्या डहाळीला सुपारीहून मोठे, राखी रंगाचे, देठाचे फळ लोंबताना दिसते. ते फळ नव्हे. तो टसरच्या पतंगाचा कोश होय. विदर्भात त्यालाच कोसा म्हणतात. देठदेखील अळीनेच रेशमाचा घडविलेला असतो. आत कीटक पावसाची वाट पाहत महिनोन् महिने निजलेला असतो.

पावसाळ्याच्या सुमारास पतंग बाहेर पडतो. त्याच्या चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक पारदर्शक ठिपका असतो. त्याची मुखेंद्रिये निरुपयोगी असल्यामुळे तो काहीही खात नाही. अवघ्या आठवड्याच्या आयुष्यात वंश चालविणे एवढेच त्याचे कार्य. मादी दीडदोनशे अंडी घालते. त्यांतून निघालेल्या हिरव्या अळ्या ऐन, अर्जुन किंवा साल ह्यांचा पाला खाऊन, चार वेळा कात टाकून, पुन्हा कोश विणतात.

ह्या पतंगास ड्रुरी ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १७७३ साली 'मायलिटा' हे नाव दिले. त्यापूर्वी, १७५८ मध्ये, लिनीअसने 'पॅफिया' हे नाव योजिले होते. ही दोन नावे एकाच जातीची, की एक दुसरीची उपजाती, ह्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु अरण्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा भेद निराळाच आहे. एकाच जातीत, रानारानांप्रमाणे, ह्या पतंगाचे ४० हून अधिक वाण नोंदले गेले आहेत. सिंहभूमचा डाबा, सिमलीपालचा मोडल, बस्तरचा रैली आणि आपल्याकडचा भंडारा ही त्यांतील काही नावे. त्यांचा परस्परांशी संकर होऊ शकतो, म्हणून त्यांस स्वतंत्र जाती म्हणता येत नाही. तथापि उंची, पर्जन्यमान आणि खाद्यवृक्ष ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना निरनिराळे वळण लावले आहे. मोडलची वर्षाला एकच पिढी होते, डाब्याच्या दोन किंवा तीन होतात. रैलीचा कोश मोठा व टणक, तर भंडाऱ्याचा त्या मानाने लहान.

डाबा माणसाच्या देखरेखीखाली वाढतो. म्हणून त्याचे बियाणे दूरदूरच्या प्रांतांत नेण्यात आले. रैली मात्र बंदिवासात नीट वंश वाढवीत नाही. त्याचे कोश रानातूनच वेचावे लागतात, आणि धागा काढण्यासाठी आतला जीव मारावा लागतो. वेचलेला प्रत्येक कोश म्हणजे रानातील एक पतंग कमी. ह्यावर उपाय म्हणून बस्तरमध्ये काही कोश रानातच टांगून ठेवतात व त्यांतील पतंगांना तेथेच अंडी घालू देतात.

भंडारा व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या ऐनावर कोसा पाळीत आला आहे. अळ्यांवर झडप घालणाऱ्या पाखरांना हाकलीत तो रानात राखण करतो. जबलपूर येथे १९८८ साली स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत वनांतील कीटकांचा अभ्यास चालतो. परंतु वाण टिकतो तो शेवटी झाडावर. ऐन तुटला आणि परके बियाणे सर्वत्र पसरले, तर भंडाऱ्याचा वाण कागदावर तेवढा उरेल. डाबा बाहेरून आणता येतो. गेलेला भंडारा कोठूनही आणता यावयाचा नाही.